धर्मानाना आणि तळाला धरलेलं मीठ

धर्मानानांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी त्यांचा वाफा बुटांनी तुडवला तेव्हा. आणीबाणीतली दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. विरारच्या पूर्वेला, खाडीलगतच्या एका मिठागराचे ते मुकादम. पलीकडच्या बांधावर ते पाठ ताठ करून, डोळे मिटून बसलेले मला दिसले. वळसा घालून जायला पाच मिनिटं लागली असती, आणि मी मनःशांती शिकायला निघालेला माणूस, मला घाई होती. मधली जमीन सारवलेल्या अंगणासारखी गुळगुळीत होती. मी सरळ तिच्यावरून चालत गेलो. मीठ धरण्यासाठी ती जमीन आठ माणसांनी कितीतरी दिवस अनवाणी पायांनी तुडवून तयार केली होती, हे मला नंतर कळलं. नानांनी डोळे उघडले, आधी माझ्या टाचांचे खड्डे बघितले, मग मला बघितलं.

"सायेब, बूट काढा," ते म्हणाले. "आनी आलात तसंच परत जावा, एकेक खड्डा पायानं बुजवत."

माझी ध्यानसाधना अशी सुरू झाली. त्या रविवारी मी डोळे एकदाही मिटले नाहीत.

मला तिथे पाठवलं होतं माझ्या बायकोने, सुमनने. मी तेव्हा चाळिशीत होतो, एका सरकारी कचेरीत कारकून होतो, आणि घरात माझा आवाज सतत चढलेला असे. एकदा आमटीत मीठ कमी पडलं म्हणून मी ताट भिरकावलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजून रोज थोडा वेळ शांत बसायला सांगितलं. कुठे बसायचं ते त्यांनी सांगितलं नाही, ते सुमनने ठरवलं. नानांची सून दारावर मीठ विकायला यायची. आमचा म्हातारा रोज सकाळी तासभर डोळे मिटून बसतो आणि मग दिवसभर कुणाचं ऐकत नाही, अशी तिची तक्रार होती. सुमनला त्यातला फक्त पहिला भाग महत्त्वाचा वाटला.

माझ्या चिडचिडीचं कारण मात्र मला पक्कं ठाऊक होतं, आणि ते मी कुणालाही सांगत असे. कारण म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा होळी नावाच्या आमच्या गावी, जुन्या घरी राहून भाजीची वाडी करायचा, वडील त्याच्याजवळ होते. वडील आजारी पडले आणि गेले, आणि दादाने मला वेळेवर कळवलं नाही. मी पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मी सगळ्या गावासमोर त्याला विचारलं, "मला का नाही कळवलंस?" त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मडकं आणायला आत गेला. ही त्याची कबुलीच, असं मी धरून चाललो. तीन वर्षं मी होळीला पाऊल टाकलं नव्हतं.

तर नाना. काटकुळे, कमरेला रुमाल, अंगात भोकाभोकांचं बनियन, आणि टाचांना अशा भेगा की त्यात चार आणे उभे राहावेत. त्यांच्याकडे शिकवणं म्हणून काही नव्हतंच. दुसऱ्या रविवारी मी तयारीने गेलो होतो. सुमनची जुनी शाल घडी करून आसन म्हणून नेली, उदबत्ती नेली, आणि अर्ध्या तासाने जागं करायला गजराचं घड्याळ नेलं. उदबत्ती खाडीच्या वाऱ्याने विझली. गजर वाजला तेव्हा चिखलातले सगळे बगळे उडाले, आणि नानांनी घड्याळ उचलून शांतपणे माझ्या शालीत गुंडाळलं. "हे घरी ऱ्हाऊ द्या. ते आपल्यापेक्षा जास्त बोलतंय," एवढंच म्हणाले.

श्वास कसा घ्यायचा, नजर कुठे ठेवायची, मंत्र कोणता, मी सगळं विचारून पाहिलं. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, "बसा." ते स्वतः कुणाकडे शिकले, हेही विचारलं. म्हणाले, "राखनीला बसाया लागायचं. दुसरं काम काय व्हतं?" बसणं संपलं की मात्र ते विडी पेटवायचे आणि न चुकता विचारायचे, "आज कोन आलं व्हतं?"

म्हणजे डोळे मिटल्यावर मनात कोण आलं. मी पहिल्यांदा सांगितलं, कोणी नाही, अगदी शांत वाटलं. "खोटं." पुढच्या वेळी मी प्रकाश दिसल्याचं सांगितलं, कारण तसं काहीतरी दिसतं असं मी ऐकलं होतं. "सूर्य उगवला असंल," नाना म्हणाले. शेवटी कंटाळून मी खरं सांगितलं, की दादा येतो. दर वेळी येतो, अंगणात उभा राहतो आणि काही बोलत नाही. मला वाटलं, आता हा माणूस माझी कीव करील. ते म्हणाले, "बरं मग?"

या "बरं मग" ने मला जेवढं छळलं तेवढं दादानेही छळलं नसेल. घरी येऊन मी सुमनला सांगायचो, या अडाण्याकडे मी पुन्हा जाणार नाही. ती रविवारी पहाटे चहा करून ठेवायची आणि सायकलची किल्ली कपाशेजारी.

शिमग्याच्या आधी वाफ्यांत मीठ धरायला लागलं. खारं पाणी उन्हात आटत होतं, तळाशी पांढरे कण चमकत होते. मला ज्ञान झालं. मी म्हटलं, नाना, आता कळलं तुम्ही मला इथे का बसवता. मन म्हणजे हे पाणी. त्याला हलवायचं नाही, म्हणजे जे खरं आहे ते आपोआप तळाशी जमतं. हे वाक्य मी सायकलवर येताना दोनदा म्हणून पाहिलं होतं.

नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी पुन्हा बूट घालून आलोय. मग लांब दांड्याची लाकडी फळी उचलून माझ्या हातात दिली.

"हलवायचं नाय, हे कोनी सांगितलं तुमाला? रोज हलवाया लागतं. नाय तर मीठ तळाला धरतं. मग कुदळ मारली तरी सुटत नाय, आनी सुटलं तर चिखल घेऊन वर येतं." मी फळी वाफ्यात घातली. तळाशी कुरकुर आवाज झाला. "तुमचा भाऊ तीन वरसं त्या अंगनात उभा हाय. त्याला नुसतं बघून परत धाडता. त्याच्या आधी कोन आलं, मग कोन आलं, ते बघा की एकदा."

हातांना फोड येईपर्यंत मी ते मीठ हलवलं. मनात मात्र मी काही हलवलं नाही, चार रविवार नुसता फुगून बसलो. पाचव्या रविवारी, बहुधा नानांवर सूड म्हणून, मी वडील गेले तो आठवडा शेवटापासून मागे लावायला घेतला. शनिवार, अंगण, तिरडी. शुक्रवार, कचेरी, तपासणीला आलेले साहेब. गुरुवार, सकाळ, मी दारात वाकून बुटाची नाडी बांधतोय. समोर एक टोपली येऊन टेकते. होळीहून विरारला भाजी आणणारी मेरीबाय. ती सांगते, बाबांना बरं नाही, दादाने आजच बोलावलंय. आणि मी नाडीवरून मान वर न करता म्हणतो, तपासणी आहे, रविवारी येतो म्हणावं.

मी डोळे उघडले. मी तीन वर्षं खोटं बोलत नव्हतो, हीच खरी अडचण होती. मला ते मनापासून खरं वाटत होतं. आणि दादा गावासमोर गप्प राहिला तो कशासाठी, आणि कुणाची लाज राखायला, तेही मला त्याच क्षणी दिसलं. ध्यानाने शांती मिळते असं ज्यांनी लिहून ठेवलंय, त्यांना मला त्या वेळी भेटायचं होतं.

नानांनी विडी पेटवली, विचारलं, मी सांगितलं. या वेळी ते "बरं मग" म्हणाले नाहीत. "त्याच्याकडं जाऊन या," ते म्हणाले. "मग बसाया या. तवर नको."

मला याचा भयंकर राग आला. एवढ्या महिन्यांच्या कष्टानंतर मला हाकलून देतात. मी दादाकडे गेलो नाही, मिठागरावरही गेलो नाही. हा रविवार नको, पुढचा बघू, असं करता करता पावसाळा आला, मिठाच्या राशींवर गवत शाकारलं गेलं. आषाढात एके दुपारी नानांची सून दारात आली, या वेळी पाटीशिवाय. नाना तापाने गेले होते, तीनच दिवसांत. बांधावरच्या साहेबाने पुन्हा तोंड दाखवलं का, असं त्यांनी तिला एकदा विचारलं होतं म्हणे.

नानांना पोचवून आलो, अंघोळ केली, आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत रजेचा अर्जही न देता होळीला गेलो. दादा पडवळाच्या मांडवाखाली होता. पडवळं सरळ वाढावीत म्हणून त्यांच्या टोकाला दगड बांधत होता. मी मेरीबायचं, गुरुवारचं, तपासणीचं, सगळं एका दमात सांगितलं. तो दगड बांधतच राहिला. सुतळीची गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "बाबांनी शुक्रवारी दोनदा विचारलं. मी सांगितलं, तो निघालाय."

मग पुढच्या पडवळाकडे वळला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "जेवून जा."

संध्याकाळी घरी आलो आणि सुमनसमोर बसून पुन्हा सगळं सांगितलं. वाटलं, तिला धक्का बसेल. ती तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी मेरीबायला चहा मीच केला होता."

मग तीन वर्षं बोलली का नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज जरा चढलाच.

"बोलले होते की एकदा. तुम्ही जेवायला बसला होतात, मी मेरीबायचं नाव काढलं, आणि तुम्ही ताट भिरकावलंत." तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "आमटीत मीठ बरोबर होतं."