सेंगलाची हाक

आमच्या गावात गोट्यांच्या बेटावर पहिला पाय ठेवण्याचा मान उई सेंगलाचा. उई म्हणजे आजी. ती साऱ्या गावाचीच उई. थंडी पडली, मेकाँगचं पाणी उतरलं, की नदीच्या मधोमध ते बेट वर यायचं आणि त्याच्या कडेच्या गोट्यांवर हिरव्या केसांसारखं लांब, खायचं शेवाळ धरायचं. बायका टोपल्या घेऊन काठावर थांबत. सेंगला पुढे जाई, ओंजळीत पाणी घेई आणि बघे. तळहाताच्या रेषा स्पष्ट दिसल्या की म्हणे, "चला गं. नदी झोपलीय."

नदी चढणार असली की आधी तिचा रंग बदलतो, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. आधी लालसर गढूळ पाणी, मग फेस, मग पालापाचोळा, आणि मग चढ. स्वच्छ पाणी चढत नाही. यात कधी चूक झाली नव्हती.

आमचा काठ थायलंडचा, पलीकडचा लाओसचा. आम्हा लू लोकांना तो परका वाटत नसे. लग्नं, मयत, म्हशींचे व्यवहार सगळे दोन्ही काठांवर. सेंगलाची थोरली बहीण चानफेंग पलीकडे दिलेली. तिच्या लग्नाला वर्ष होत नाही तोच तिकडचं राज्य बदललं, नदीवर बंदूकवाले आले आणि होड्या बंद झाल्या. मग कित्येक वर्षं दोघी बहिणी हिवाळ्यात, पात्र अरुंद झालं की, आपापल्या काठावर उभ्या राहून ओरडत बोलायच्या. पलीकडच्या सगळ्याच बायका कुणाच्या ना कुणाच्या ताई, म्हणून सेंगला बहिणीला नावानंच हाक मारायची.

"चानफेंग! काय झालं? मुलगा?"

"मुलगी! तुझ्यासारखी काळी!"

शिपाईसुद्धा हसायचे म्हणे.

पुढे बंदोबस्त सैल झाला आणि दोघी दर हिवाळ्यात त्या बेटावर शेवाळ काढायला भेटू लागल्या. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा दोघींच्या डोक्यावरचे केस पिकले होते. बेट सरकारी नकाशात लाओसचं. चानफेंग म्हणायची, "माझ्या देशातलं शेवाळ चोरतेस, लाज नाही वाटत?" त्यावर सेंगला म्हणायची, "तुझा देश तीळ लावून तळला की बरा लागतो."

मग वरच्या अंगाला धरणं झाली. पाणी ऋतू विसरलं. भर थंडीत काठावरचे मुळ्याचे आणि शेंगांचे वाफे बुडत, पावसाळ्यात वाळू उघडी पडे. मासे कमी झाले. सगळा गाळ वर धरणात बसायचा, त्यामुळे आमच्याकडे येणारं पाणी निळं आणि नितळ असे. शहरातली माणसं त्याचे फोटो काढायला येत. पाणी सोडणार असल्याचं कर्ण्यावरून सांगत, पण सांगितलं की पाणी यायचं नाही आणि आलं तर सांगितलेलं नसायचं. शेवटी कर्ण्याकडे कुणी कान देईना.

माझा नवरा इन्सोम होडी चालवतो. तो एकदा तिला म्हणाला, "उई, आता रंगावर जाऊ नका."

"बायकोनं शिकवलं वाटतं? हिच्या कॉलेजात नदी होती का रे?"

बायका खदाखदा हसल्या. मीही हसले.

सेंगलाची मुलगी वान्ना दूर समुद्राकडच्या रायोंगला कारखान्यात कामाला होती. नात पिमफा आजीजवळ राहायची. ती आठ वर्षांची, माझ्या मुलीच्याच वर्गात, आणि इतकी बडबडी की बाईंनी तिला खिडकीशी एकटं बसवलं तर खिडकीशी बोलायची. त्या दिवशी माझी मुलगी तापानं फणफणली होती, म्हणून बेटावर गेली नाही. पिमफा गेली.

पाणी चढलं ते कुणाला कळलंच नाही, कारण रंग बदलला नाही. आधी कडेला काढून ठेवलेल्या चपला वाहून गेल्या.

"सेंगला, पाणी वाढलंय का गं?" चानफेंगनं विचारलं.

सेंगलानं खाली बघितलं. "काचेसारखं आहे. एवढी टोपली भरू दे."

टोपली भरली तोवर बेटाचा खालचा भाग गेला होता. बायका होड्यांकडे धावल्या. पिमफा टोकाच्या खडकाजवळ खेळत होती. चानफेंग तिच्याकडे वळली, तिला उचलून खडकावर सरकवलं आणि तिचा स्वतःचा पाय गोट्यांवरून सुटला. पोरीच्या डोळ्यांदेखत ती गेली. इन्सोमनं होडी घालून पोरीला काढलं, सेंगलाला काढलं.

चानफेंग खूप खाली, तिच्याच काठाला सापडली. अपघातानंतर दोन्हीकडच्या शिपायांनी नदी बंद केली होती. सेंगलानं बहिणीच्या चितेचा धूर या काठावरून पाहिला.

पिमफा त्या दिवसापासून बोलली नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, वेळ द्या. गाव म्हणालं, तिची ख्वन बेटावर राहिली. माणसाच्या अंगात पुष्कळ ख्वन, म्हणजे आत्मे, असतात असं आम्ही मानतो; भीतीनं एखादी निसटते आणि जिथे निसटली तिथेच बसून राहते. ती परत आणायची तर घरातल्या थोरल्या बाईनं त्याच जागी जायचं, हातजाळ्यात मुलाचा सदरा, भाताचा गोळा आणि उकडलेलं अंडं ठेवायचं, नावानं हाक मारत पाणी उपसल्यासारखं जाळं फिरवायचं, आणि घरी आणून मनगटाला दोरा बांधायचा. मंत्र जाणणाऱ्या म्हाताऱ्यानं सेंगलाला बजावलं, "त्या पाण्यात मेलेलं माणूसही आहे. त्याचं नाव तोंडातून निघालं तर तेच जाळ्यात येईल. मग ते जाळं घरात आणायचं नाही. आणि त्या जागी पुन्हा मागायचंही नाही."

बेट किती दिवस पाण्याखालीच होतं. सेंगला काठावर बसून राहायची. पिमफा तिच्याशेजारी. अखेर एका सकाळी वरचं पाणी अडलं आणि बेटाची पाठ उघडी पडली. शिपायांच्या हातापाया पडून इन्सोम सेंगलाला होडीतून घेऊन गेला. पुढचं त्यानंच मला सांगितलं.

ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पाणी तसंच निळं. जाळं पुढे केलं, मान वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली, "चानफेंग!"

उभ्या आयुष्यात त्या पाण्यावरून तिनं दुसऱ्या कुणाला हाक मारलीच नव्हती.

पलीकडे एक कुत्रं भुंकलं. इन्सोम म्हणाला, "उई, कुणी ऐकलं नाही. पोरीला हाक मारा, मारा लवकर."

"तू ऐकलंस."

"मी विसरलो."

"मी कशी विसरू, बाळा?"

तिनं जाळ्यातला सदरा काढून छातीशी धरला आणि जाळं सोडून दिलं. ते थोडं तरंगलं, मग भातासकट खाली गेलं.

पिमफा घराच्या पायरीवर वाट बघत उभी होती. तिनं आजीचे हात पाहिले. सेंगलानं काहीही न लपवता सगळ्यांसमोर सांगितलं.

शेजारीण चिडली. "बोलायचं कशाला होतं? गुपचूप दोरा बांधायचास. पोर बोलली असती कदाचित."

"आणि चानफेंग आली असती तर?"

"तुझी सख्खी बहीण ती! तिला का भ्यायचं?"

"माझ्या घरात येऊ दे, मला चालेल. पोरीच्या अंगात नको."

थोड्या दिवसांनी वान्ना रजा काढून आली आणि पोरीला रायोंगला घेऊन निघाली. तिथे मोठा दवाखाना आहे, ही नदी नाही. आम्ही बसपर्यंत पोचवायला गेलो. माझ्या मुलीनं पिमफाला स्वतःची रंगपेटी दिली. तिनं ती घेतली, उघडून पाहिली नाही. बस आल्यावर सेंगलानं कनवटीचा पांढरा दोरा काढला आणि तिचं मनगट धरलं.

वान्नाला रडू आवरेना. "आई, ख्वन नाही आणलीस, मग दोरा कशाला?"

"बाकीच्या आहेत ना अजून," सेंगला म्हणाली, "त्या तरी राहू देत."

तिनं गाठ इतकी घट्ट आवळली की मनगटावर लाल वळ उठला. पिमफा हूं की चूं न करता बसमध्ये चढली.