नानांचे स्टीलचे बोल्ट

नाही नाना, गंजत नाही म्हणजे मजबूत असं होत नाही.

तुम्ही होतात तेव्हा पटलं नाही. आज तुम्हाला जाऊन वर्ष झालं, तरी माझं म्हणणं तेच आहे.

नाना म्हणजे माझे चुलते. पालीजवळ आमची आंब्याची बाग, आणि तिच्यात त्यांचा मिनी ट्रॅक्टर.
आठवीतून शाळा सोडली तेव्हा घरात सगळे माझ्यावर ओरडत होते. नानांनी किल्ली हातात दिली.
"चालव. धडकलास तर कलमाला धडक, गड्याला नको."

आता मी कच्छात पवनचक्क्या उभ्या करतो. दिवसभर बोल्टच आवळायचे.
नाना गावात सांगायचे, "आमचा पक्या गुजरातला पंखे आवळतो."
मग लोक मला फोन करायचे. सीलिंग फॅन आवाज करतोय, काय करू?

भांडण झालं ते गणपतीत. मागच्या चाकांचे बोल्ट पावसाने गंजलेले. नाना बंदरावर बोटींची कामं करणाऱ्याकडून स्टेनलेस स्टीलचे डबाभर घेऊन आले. एकदम चकचकीत.

मी म्हटलं, "नाना, जुन्याच्या डोक्यावर १०.९ कोरलंय. ह्याच्यावर ए२-७०. जुना जेवढा ताण सहन करतो, त्याच्या निम्म्यावरच हा लांबायला लागतो."
"मेल्या, खाऱ्या पाण्यात बोटीला धरून राहतो तो. माझ्या ट्रॅक्टरला नाय धरणार?"
"आणि टॉर्क? किती जोराने आवळायचं ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलंय. पान्याला पाइप लावून वर उभे राहता तुम्ही."
"कर्र वाजलं की झालां. पुस्तकात माझां वजन नाय लिवलेलां."

सगळे हसले. मीपण.
काकी बोलली, सणात भांडू नका. डबा फळीवर गेला.

मग आंब्याच्या तोंडावर नाना गेले. हार्ट.

आज बंड्याने, त्यांच्या मुलाने, फोटो पाठवला. ट्रॅक्टर धुतलेला, झेंडूचा हार घातलेला.
मी झूम केलं.
मागच्या दोन्ही चाकांना सगळे बोल्ट नवे. डोक्यावर ए२-७०.

लगेच फोन लावला.
"बंड्या, ते बोल्ट काढ."
"का? बाबांनी आणलेत ते. बाबांच्या हातचे आहेत."
"तुटतील रे. उद्यापासून क्रेट भरून ट्रॉली उतारावरून खाली आणणार तू. वर गडी बसतात."
"तू दहाव्याला आलास, तेराव्याला गेलास. आता फोटोत बोल्ट बघतोस?"

ठेवला फोन. परत उचलत नाही.

खोटं नाही बोलला तो. पण म्हणून बोल्ट काही बदलत नाही.

म्हणून इथे लिहितोय. गावातलं कोणी वाचत असेल तर त्याला दाखवा.

बंड्या, ताणलेला बोल्ट बाहेरून चांगलाच दिसतो. चकचकीत असला तर जास्तच. चाक डुगडुगायला लागलं की कळतं, आणि आपल्या उतारावर तेव्हा कळून उपयोग नाही. खाली कातळ आहे.

नाना गेले तेव्हा पालीहून आला, तसा फोन मला पुन्हा यायला नको.

उद्या ट्रॅक्टर काढू नको. जुना बोल्ट नमुन्याला घेऊन हातखंब्याला दुकानात जा. डोक्यावर १०.९ बघूनच घे. नटावर १० असेल.
टॉर्क रेंच पण घे. ट्रॅक्टरच्या पुस्तकात चाकाचा आकडा दिलाय, तेवढा लाव. कट् वाजलं की थांब. पाइप नको, वर उभं राहणं नको. आट्यांना ग्रीस नको. एक आवळलास की समोरचा आवळ. पहिल्या दिवसाचं काम झालं की सगळे परत तपास.

आणि नानांचे बोल्ट फेकू नको रे.
फवारणीच्या टाकीच्या स्टँडला लाव. तिथे वजन कमी, पण औषध आणि पाणी रोज सांडतं, लोखंडाचे बोल्ट एका हंगामात खाऊन टाकतं. तिथे तेच पाहिजेत.

नाना, तेवढं तुमचं बरोबर होतं. हे तुम्हाला तेव्हा सांगायचं सुचलं नाही मला. तुम्ही पण कुठे ऐकून घेत होतात.

इथूनच पाया पडतो, नाना.

बंड्या, फोन उचलू नको हवं तर. सहा हजार पाठवतोय.