आमच्या पत्त्यावरचा लाइनबॅकर

मार खाल्ल्याशिवाय दुसऱ्या माणसाची खरी ओळख पटत नाही, असं माझं आता ठाम मत झालं आहे. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावात नदीकाठच्या गवतावर एका माणसाने मला आठ दिवसांत एकतीस वेळा आडवं केलं, आणि त्यातून मला पटलेली त्याची ओळख अशी, की तो नेहमी दात घासून यायचा.

तो आमचा भाडेकरू. उतरत्या छपराखालच्या खोलीत राहायचा आणि दारातून आत येताना डोकं नव्हे तर खांदे तिरके करायचा. जन्माने डच, पण अमेरिकेत कॉलेजला जाऊन तिथला फुटबॉल शिकला आणि एका व्यावसायिक संघात दोन वर्षं लाइनबॅकर होता. लाइनबॅकर काय करतो हे त्याने पहिल्याच आठवड्यात माझ्या बायकोला समजावून सांगितलं होतं. समोरचा चेंडू घेऊन पळत आला की त्याला गाठायचं आणि खाली पाडायचं.

"आणि मग?" बायकोने विचारलं.

"मग तो उठतो, मॅडम."

"आणि मग?"

"मग पुन्हा."

पुढे त्याचा उजवा खांदा निखळला, ऑपरेशन झालं, आणि संघाने त्याला सोडलं. तो परत आला तेव्हा करोनाची साथ जोरात होती. त्याची आई वृद्धांच्या शुश्रूषागृहात कामाला, त्यामुळे तिच्याकडे राहणं नको असं दोघांनी ठरवलं. म्हणून आमची खोली. भांडी लगेच घासायचा, जिन्यावरून हळू उतरायचा. त्याच्याइतक्या अदबीने त्या घरात कोणी वागत नव्हतं.

साथीच्या दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये तिकडे अमेरिकेत फ्री एजन्सी सुरू झाली. ज्यांचे करार संपले किंवा ज्यांना सोडून दिलं असे खेळाडू तेव्हा बाजारात असतात आणि संघ त्यांच्याकडून सह्या करवून घेतात. मोठी नावं पहिल्या दोन-तीन दिवसांत जातात. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो त्या घोषणा मला वाचून दाखवायचा. अमुक योद्धा आमच्या कुटुंबात दाखल होत आहे. तमुक सेनापती आमचा वारसा पुढे नेणार. एका लाइनबॅकरबद्दल तर लिहिलं होतं, की तो या शहराच्या आत्म्याशी जोडला गेला आहे. त्याने शहरात पाऊल टाकलेलं नव्हतं. साथीमुळे प्रवास बंद, सही घरबसल्याच झालेली. आपल्याकडे सत्कारसमारंभात निदान माणूस समोर असतो, नारळ तरी हातात पडतो.

याला कोणी सेनापती वगैरे म्हणणार नव्हतं. पण त्याच्या एजंटचा फोन आला. एका संघाला यादीच्या तळाशी एक लाइनबॅकर हवा होता. एरवी त्यांनी याला विमानाने बोलावलं असतं, डॉक्टरने खांदा पिरगाळून पाहिला असता. यंदा ते शक्य नव्हतं.

"व्हिडिओ पाठव," एजंट स्पीकरवर म्हणाला. "उजव्या खांद्याने पाडताना. पोत्याला नको, पोत्याला माझी आजीपण पाडेल. जिवंत माणूस हवा. दहा दिवस आहेत. पुढे कॉलेजची नवी पोरं येतील, जागा भरतील, आणि मग मी तुला फोन करणार नाही. रागाने नाही. कारणच उरणार नाही."

तो अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याला दुसरं काहीही येत नव्हतं, आणि हे तो कसलाही आव न आणता सांगायचा.

अडचण साथीतल्या दीड मीटर अंतराच्या नियमाची होती. सत्तावीस किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाला परक्याशी अंगाला अंग लावून खेळायला मनाई होती. फक्त एका पत्त्यावर राहणारी माणसं एकमेकांना शिवू शकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खेमेंटचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र घेऊन खाली आला आणि माझ्या पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवलं. त्यावर त्याचं नाव होतं आणि आमचा पत्ता.

"सर, कायद्याने मी फक्त तुम्हालाच पाडू शकतो."

"आणि मॅडमना," मी म्हणालो.

"मी शूटिंग करते," बायको म्हणाली. इतक्या पटकन तिने आयुष्यात कुठलीच जबाबदारी घेतलेली नाही.

मी डेटाबेस सांभाळतो. मी हो का म्हणालो हे मला नीट सांगता येत नाही. त्याने पत्राची घडी फार काळजीपूर्वक घातली होती, एवढं आठवतं.

जुन्या गादीचा तुकडा छातीला पट्ट्यांनी बांधून मी उभा राहिलो. पहिल्या धडकेत मला काही दिसलं नाही. आधी टूथपेस्टचा वास आला, मग त्याचा खांदा बरगड्यांखाली शिरला, हात मांड्यांमागे आवळले गेले आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. पाठ आपटल्यावर छातीतली सगळी हवा एकदम गेली आणि परत यायचं नाव घेईना. जीभ चावली गेली होती. तोंडात रक्ताची आणि मातीची चव होती, वर आकाश होतं, आणि मी मुख्यतः चष्म्याचा विचार करत होतो.

"पुन्हा," बायको म्हणाली. "तुझं डोकं फ्रेमच्या बाहेर गेलं."

ती सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली आहे. एखादी गोष्ट एकदा घडली म्हणजे घडली, असं ती मानत नाही.

तिसऱ्या दिवशी माझं नाक फुटलं. दोन्ही मांड्या वांग्यासारख्या झाल्या होत्या. मी गवतावर बसून नाकाला रुमाल लावलेला असताना नगरपालिकेचा निरीक्षक सायकलवरून आला. उतरला आणि बरोबर दीड मीटरवर उभा राहिला.

"तुम्ही एका पत्त्यावर राहता?"

भाडेकरूने पत्र दाखवलं. निरीक्षकाने ते पूर्ण वाचलं.

"आणि हा तुम्हाला मारतोय?"

"हो," मी म्हणालो.

"तुमची तक्रार आहे?"

"नाही."

"मग ठीक आहे. घरातली मारहाण पोलिसांकडे असते. माझ्याकडे फक्त अंतर." जाताना तो बायकोला म्हणाला, "मॅडम, तुम्ही सूर्याकडे तोंड करून शूटिंग करताय."

चौथ्या दिवशी सूर्य पाठीमागे घेतला आणि पाचव्या दिवशी व्हिडिओ पाठवला. एजंटचं उत्तर तासाभरात आलं. समोरचा माणूस धडकेच्या आधीच पडतोय. हा कोण आहे?

बायकोने तुकडा हळू करून पुन्हा पुन्हा पाहिला. "खरंय त्याचं. तू आधीच बसतोस. पंगतीत जागा मिळाल्यासारखा."

"मी तो यायच्या आत मनाची तयारी करतो."

"तयारी नाही, ती शरणागती आहे. हे बघ, इथे. तो अजून दोन पावलं लांब आहे आणि तू गेलास पण."

भाडेकरूने तोच तुकडा मागे नेला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. शेवटच्या क्षणी तो किंचित वळत होता, डावा खांदा पुढे काढत होता. प्रत्येक वेळी.

"मीपण वाचवतोय, सर," तो म्हणाला. "ऑपरेशननंतर उजव्याने मी कोणालाच खरं मारलेलं नाही. तो टिकेल की नाही, मला माहीत नाही."

एवढ्या मोठ्या माणसाला घाबरलेलं पाहणं अवघड असतं. कुठे पाहावं कळत नाही.

"पाहू ना मग," बायको म्हणाली. "आता दोघंही खरं करा."

आठव्या दिवशी गादी काढली. मी चेंडू पोटाशी धरून पंधरा पावलांवरून त्याच्या अंगावर धावायचं, वळायचं नाही, बसायचं नाही. तो थांबवेल किंवा खांदा जाईल. मी तेरा महिने एकाच खोलीतून काम करत होतो आणि कोणावर धावून जायला आवडेल याची माझ्याकडे यादी तयार होती. तो त्या यादीत नव्हता, पण सुरुवात कुठून तरी करावी लागते. मी मान खाली घातली आणि धावलो. आयुष्यात प्रथमच मला समोरच्या माणसाला दुखवायचं होतं, आणि ते इतकं सोपं वाटलं की त्याची लाज मला बऱ्याच दिवसांनी वाटली.

तो वळला नाही. उजवा खांदा सरळ माझ्या गळ्याखाली आला. ओली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. मग मी खाली होतो, तो माझ्यावर होता, आणि आमच्यापैकी कोणाचं काय मोडलं हे काही क्षण दोघांनाही कळेना.

"सर?"

"माझं," मी म्हणालो. डावा हात हलत नव्हता आणि कॉलरबोनचं एक टोक कातडीला आतून ढोसत होतं.

"उठू नका कोणी," बायको लांबून ओरडली. "आधी तू खांदा फिरवून दाखव."

माझ्यावर गुडघे टेकून त्याने उजवा हात वर नेला, मागे नेला, पूर्ण गोल फिरवला. दोनदा. तो रडत होता. मग बायकोने फोन गवतात टाकला, धावत आली आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तीही आमच्याच पत्त्यावर राहत असल्याने तेही नियमात बसत होतं.

एजंटने एकच ओळ लिहिली. हाडाचा आवाज कापू नका.

त्यानंतर चौथ्या दिवशी करार आला, एका वर्षाचा. करार हाती असल्याने त्याला प्रवासाची परवानगी मिळाली आणि तिकडच्या डॉक्टरांनी खांदा पास केला. घोषणेत लिहिलं होतं की हा झुंजार लाइनबॅकर युरोपात खडतर परिस्थितीत, अत्यंत आक्रमक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध सराव करून आला आहे. मी ते हात गळ्यातल्या झोळीत अडकवून वाचलं. बायकोने विचारलं, "प्रतिस्पर्धी अनेकवचनी का?" मी म्हटलं आदरार्थी असेल.

त्या मोसमात त्याला एकाच सामन्यात मैदानावर उतरवलं, तेही एका किकसाठी. आपल्या संघाने चेंडू दूर लाथाडायचा, आणि तो झेलून जो पळेल त्याला याने पाडायचं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघांनी ते रेकॉर्डिंग पाहिलं. तो पूर्ण वेगाने साठेक पावलं धावला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून मैदानाबाहेर गेला, नियमाप्रमाणे खेळ तिथेच थांबला, आणि त्याला कोणालाही हात लावावा लागला नाही.