लोणावळा ते तिकोणा पेठ: एक टोपडं पोचवायला

मंगळवारी टपालानं आलं ते असं: लोणावळ्याहून एक पुडकं, त्यात लहान मुलाचं टोपडं, गोदाचं देवीच्या वेषातलं कुंकू लावलेलं रंगीत चित्र, आणि तिच्या हातच्या चार ओळी. तिकिटं कमी लावलेली, पोस्टमनला वर तीन आणे द्यावे लागले. ओळी अशा की, हे टोपडं जिचं आहे तिला नेऊन दे, मला आता पायरी उतरवत नाही. जिचं म्हणजे कुणाचं ते लिहिलं नव्हतं, म्हणून आधी तिच्याकडेच जायचं ठरवलं.

गोदा माझी मामेबहीण. मूकपटांच्या दिवसांत देवी म्हणून तिची चित्रं घरोघरी लागली. पडद्यावरचं तिचं नाव तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथं लिहीत नाही. आमच्या घरात मात्र तिचा विषय काढायची सोय नव्हती. इकडून एवढंच सांगणं झालं की, जा, पण तिथलं पाणी पिऊ नकोस.

मंडळातल्या मैत्रिणी लोणावळ्याला जायचं म्हणताहेत, म्हणून वाटेचंही सांगते. सकाळची पॅसेंजर धरावी. तिसऱ्या वर्गाला दहाअकरा आणे पडतात. तळेगावपर्यंत उभं राहावं लागतं, पुढं जागा होते. पोळी-चटणी बरोबर असावी. परतताना स्टेशनाबाहेर गुडदाणी चांगली मिळते. टांगेवाला आठ आणे म्हणाला, सहावर आला. बंगल्याचं नाव ऐकलं आणि वळून बघत म्हणाला, "खोकल्याच्या बाईकडं? फाटकाशी सोडीन. आत न्हाई येणार."

बंगला कुणा शेटजींचा. गोदा मागच्या गड्यांच्या खोलीत, खिडकीशी खाट टाकून. मनगट एवढंसं झालेलं.

"लांब बस," ती म्हणाली. "हिशेब लिहिणाऱ्या बाईला क्षय परवडायचा नाही." हसली, आणि हसण्याचा खोकला झाला.

दुपारभर थांबत थांबत तिनं सांगितलं. ऐन भरात असताना कंपनी तिकोणा गडाच्या पायथ्याशी चित्रणाला गेली होती. मुकुट घालून ही झाडाखाली बसे आणि गावच्या बाया नारळ घेऊन रांगेनं ओटी भरायला येत. हिनं मालकांना म्हटलं, यांना खरं सांगते. मालक म्हणाले, मुकुट उतरवू नकोस, गाड्या-बैल फुकट मिळताहेत. पुढं बोलपट आले. गाणं म्हणताना हिला दम लागायला लागला, देवीच्या जागी दुसरी मुलगी आली, ही तिची सखी झाली, मग काहीच नाही. कंपनीही बुडाली.

पण गाव विसरलं नव्हतं. देवी लोणावळ्याला राहते म्हणून कळल्यावर पायथ्याच्या तिकोणा पेठेतली सखू तापानं फणफणलेला मुलगा घेऊन चालत आली. एकदा मांडीवर घ्या, म्हणाली. गोदानं दाराला कडी घातली आणि आतूनच ओरडली, डॉक्टरकडे ने. सखू संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून होती. शेवटी देव्हाऱ्यातलं चित्र आणि मुलाचं टोपडं तिथंच ठेवून गेली. मुलगा वाचला नाही. गोदाकडे कामाला येणारी ठकू तिकडचीच. तिनं बातमी आणली की, देवीनं सखूकडं पाठ फिरवली असं गाव म्हणतं, सासू तिला चुलीपाशी येऊ देत नाही.

"माझ्या खोकल्याशी ते पोर कसं घेऊ गं?" गोदा म्हणाली. "तिला सांग, दार एका आजारी बाईनं लावलं."

दुसऱ्या दिवशी गाडीनं कामशेत. तिथून बैलगाडी, जाऊन येऊन तीन रुपये. निघण्याआधी खाऊन घ्यावं, वाटेत काही मिळत नाही. चढ ओलांडून पवना नदीत गाडी घालावी लागते, तेव्हा सामान मांडीवर घ्यावं. पुढं तिकोणा सबंध वेळ समोर असतो. एरवी मी गडावरच्या देवाला गेले असते. त्या दिवशी पाय वळला नाही.

सखू गोठ्यात बसली होती. चाऱ्याच्या पेंढीसारखी वाळलेली, वय फार तर बावीस. मी टोपडं दिलं, चित्र पिशवीतच राहू दिलं. तिनं ते नाकाशी धरलं आणि तसंच धरून ठेवलं. गोदाचा निरोप मी सासूच्या देखत सांगितला, क्षयाचंही सांगितलं.

म्हातारी म्हणाली, "बाईच हाय म्हंता, मंग आमी पाया पडत हुतो तवा का न्हाई बोलली?"

मी मालकांचं सांगितलं. गाड्यांचंही. म्हातारीनं अंगणातल्या गाडीकडं बघितलं. बहुधा तिच्याही घरची गाडी गेली असेल. मग म्हणाली, "रागावली न्हाई म्हंता न्हवं? मंग हिची ओटी घिऊ द्या. घेतली तर ही चुलीपाशी यील."

सखूनं एवढंच म्हटलं, "तिनं कडी घातली तवा त्यो जिता व्हता, मावशी."

तांदूळ, नारळ, खण सखूनंच बांधून दिले. तांदूळ मिळत नाहीत अशा दिवसांत पुरते पाच मुठी.

लोणावळ्याला परतताना गाडीत मला चैन नव्हतं. ओटी सवाष्णीची भरावी नाहीतर देवीची. गोदा दोन्ही नव्हे. जगदंबेच्या नावानं खोटेपणा माझ्या हातून व्हायचा नाही.

गोदानं गाठोडं बघितलं आणि तोंड फिरवलं. "परत मुकुट घालायला लावतेस?"

मी चुलीचं सांगितलं.  तिनं उठवून बसवायला खुणावलं आणि पदर पसरला. लांबून ओटी भरता येत नाही. मी खाटेवर तिच्याशेजारी बसले आणि बहिणीची भरावी तशी भरली. तांदळाचे चार दाणे चादरीवर सांडले, ते तिनं एकेक वेचून पदरात घेतले.

"डोक्यावर काही नसताना पहिलीच," ती म्हणाली.

घरी येऊन मागच्या नळावर न्हाले, लुगडं उकळलं. पंधरवड्यात ठकूकडून निरोप आला की गोदा गेली. आमच्याकडे तिचं सुतक कुणी धरलं नाही. मी धरलं, देवपूजा दुसऱ्या कुणी केली, कुणी काही विचारलं नाही.

लोणावळ्याची हवा चांगली, पाणी गोड, हे लोक म्हणतात ते खरं आहे. खुशाल जावं. मला आठवते ती दाराची कडी. आतल्या बाजूनं घासून घासून लख्ख झालेली.

पेठेच्या मास्तरांना मी उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड टाकलं आहे, सखूच्या घरी वाचून दाखवा म्हणून. ओटी पदर पसरून घेतली, राग नव्हता, एवढंच लिहिलं. ती गेली हे लिहायला हात चालला नाही. खाली लिहिलं आहे: सौ. सखूबाईंना चुलीपाशी घेतले किंवा कसे, ते उलट टपाली कळवावे.