विहिरीच्या चित्राची बाटली

माझी मामी पडदे शिवते. कापड घ्यायचे तिचे दोन नियम आहेत. पहिल्या दुकानात खरेदी करायची नाही, आणि दुकानाच्या काचेत मांडलेलं कापड कितीही आवडलं तरी घ्यायचं नाही. "ते ऊन खाल्लेलं असतं," ती म्हणते. "दिसायला झकास, आणि पहिल्या धुण्यात जीव सोडतं." मी स्वतः उतावळी. दिसेल ते उचलते आणि घरी येऊन पस्तावते. त्यामुळे मामीबरोबर बाजारात जाणं ही मला शिक्षाच वाटते.

मामा निवृत्त होईपर्यंत एकाच मोठ्या हॉटेलात वेटर होते. हातावर पांढरा रुमाल टाकून वाइन वाढायचं काम त्यांचं. तिथली सगळ्यात महाग वाइन म्हणजे लेबलवर विहीर आणि तिच्यावर वाकलेलं झाड असलेली. कुणी विचारलं की मामा अदबीने सांगायचे, "आधी काळ्या मनुकांचा वास येईल साहेब. मग पावसात भिजलेल्या लाकडाचा. आणि अगदी शेवटी किंचित धुराचा." हे सगळं मॅनेजरने पाठ करून घेतलेलं. वेटरने थेंबही चाखायचा नाही असा हॉटेलचा नियम होता. बाकीचे वेटर तळाशी उरलेली मागच्या दाराशी गट्ट करायचे, पण आमचे मामा नियमाला चिकटून बसणारे.

यंदा त्यांच्या नाकात गाठ निघाली. गाठ साधी होती, जागा वाईट होती. सर्जनबाईंनी स्पष्टच सांगितलं, "काढावी लागेलच. पण वास घेण्याची शक्ती जाईल. परत येईल असा शब्द मी देणार नाही."

घरी आल्यावर मामा बूट न काढताच खुर्चीत बसले.

"एक राहून गेलं," ते म्हणाले. "ती विहिरीची वाइन. जन्मभर लोकांना सांगत आलो, मनुका, लाकूड, धूर. खरं सांगत होतो की थापा मारत होतो, मला काय ठाऊक? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आता नाकच जाणार म्हटल्यावर कळायचंही नाही."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?" मामीने विचारलं.

"अगं, किंमत माहितीय का तिची? राहू दे."

मामीने सुईतला दोरा तोडला. "आणू," ती म्हणाली. मामीचं 'आणू' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

डॉक्टरांनी दोन घोटांना परवानगी दिली, पण शनिवारपर्यंतच. त्यानंतर ऑपरेशन होईपर्यंत थेंबही नाही. म्हणजे हातात जेमतेम आठवडा होता. माझी स्कूटर आणि मामीचा हट्ट घेऊन आम्ही निघालो.

पहिलं दुकान मॉलमधलं. बाटली कुलपात, विक्रेता कोटात, आणि आवाज असा हळू की जणू आत कुणी आजारी आहे. त्याने भाव सांगितला. "एवढ्यात माझ्या मशीनला नवी मोटर बसते," मामी त्याला म्हणाली आणि चालू लागली. मोटर खरंच बसवायची होती. जुनी चालता चालता बंद पडायची, आणि तिच्यासाठी मामी डब्यात पैसे साठवत होती.

इंटरनेटवर मी शोधलं. एका साइटवर भाव पाहून मी उडालेच. मग पोचवण्याचा खर्च दिसला, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि वर बाटली येणार ऑपरेशन झाल्यावर. पुढे एक ठोक व्यापारी सापडला. भाव चांगला होता, पण तो बारा बाटल्यांच्या पेटीपेक्षा कमी द्यायलाच तयार नाही. "पेटीभर घेऊन काय आंघोळ घालू यांना?" मामीने विचारलं. तोही हसला, पण एक बाटली काही दिली नाही. चौथ्या दुकानात मी आनंदाने पर्स उघडली, तेव्हा मामीने चष्मा लावून बाटली फिरवली. बाटली अर्ध्या मापाची होती. किंमत मात्र अर्धी नव्हती.

माझे पाय बोलायला लागले. "मामी, दुसरी कुठलीही घेऊ या. त्यांना काय कळणार आहे?"

"त्यांना कळायलाच हवं आहे," ती म्हणाली.

शुक्रवारी बसथांब्यासमोरच्या छोट्या दुकानात ती सापडली. दर्शनी काचेत, एकुलती एक, मॉलच्या निम्म्याहून कमी भावात. लेबलवरच्या झाडाची हिरवी पानं पिवळट पडली होती.

"जुनी दिसते," मामी म्हणाली.

"वाइन जुनी तितकी चांगली," दुकानदार म्हणाला. "माल परत घेतला जाणार नाही हं."

मामीने तिथेही घासाघीस करून दोन पेले फुकट मिळवले. घरी येईपर्यंत ती मागच्या सीटवर गुणगुणत होती.

शनिवारी दुपारी मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, हातावर रुमाल टाकला. बूच इतक्या सफाईने काढलं की आवाजही झाला नाही. मग रीतीप्रमाणे आधी यजमानाच्या पेल्यात घोटभर ओतली. यजमान मामी.

"मी? मी कधी प्यायलेय?"

"बिल देणारा आधी चाखतो. त्याने हो म्हटलं तरच वाढायची."

मामीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अशीच असते का ही?"

मामांनी स्वतःच्या पेल्यात थोडी ओतली. वास घेतला. बराच वेळ घेतला. "छान आहे," ते म्हणाले.

"माझ्याकडे बघून सांगा."

मामा बघेनात. शेवटी म्हणाले, "हॉटेलातही हेच व्हायचं गं. नासलेली निघाली तरी लोक लाजेखातर मान डोलवायचे. तू इतकी वणवण केलीस, म्हणून..."

मामीने बाटली खिडकीशी नेली. पिवळ्या पडलेल्या पानांवरून अंगठा फिरवला आणि मटकन खाली बसली. "ऊन खाल्लंय हिने. आयुष्यभर काचेतलं कापड घेतलं नाही मी, आणि काचेतली बाटली आणली!"

मी तर पेटलेच. त्या दुकानदाराच्या डोक्यावर बाटली रिकामी करते म्हणून चपला घालू लागले.

"भांडण सोमवारी," मामी उठत म्हणाली. "आज शनिवार आहे. स्कूटर काढ." आणि तिने फळीवरचा मोटरचा डबा उतरवला. मामा "अगं, नको, अगं ऐक" करत दारापर्यंत आले. तिने ऐकलं नाही.

मॉलमधला कोटवाला आम्हाला ओळखून थोडा मागे सरकला. मामीने एकच प्रश्न विचारला. "ही उजेडात ठेवली होती का?"

"ही नुसती दाखवायला आहे बाई. विकायच्या बाटल्या आतल्या गार खोलीत असतात."

"मग आतली आणा."

भाव केला नाही. सुटे मोजले नाहीत. डबा उपडा केला आणि बाटली माझ्या ओढणीत गुंडाळली, ऊन लागू नये म्हणून. मामीला पूर्ण किंमत देताना मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते, आणि मला तिथेच रडू फुटलं. "रडतेस काय? चल," ती म्हणाली.

घरी मामा त्याच जागी, रुमाल हातावर टाकून उभे होते. पुन्हा बूच निघालं. पुन्हा मामीला घोटभर. तिने चाखलं, थोडा विचार केला आणि बिल देणाऱ्याच्या तोऱ्यात मान हलवली. "चालेल. वाढा."

मामांनी पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"लाकूड आहे," ते हळूच म्हणाले. "भिजलेलं. अगदी भिजलेलं." मग एक घोट घेतला. "आणि धूरही आहे गं. शेवटी येतो. खरंच शेवटी येतो!" त्यांचे डोळे भरून आले.

"आणि मनुका?" मामीने विचारलं.

मामांनी पुन्हा वास घेतला. परत एकदा घेतला. "मनुका काही नाहीत," ते म्हणाले आणि खो खो हसायला लागले. "इतकी वर्षं मी मनुका सांगितल्या, आणि एकूण एक साहेब म्हणायचा, हो हो, येतोय वास!"

मामी मात्र हसली नाही. तिने त्यांच्या पेल्यात आणखी थोडी ओतली आणि पेला त्यांच्या नाकाशी धरला.

"नीट बघा," ती म्हणाली. "पूर्ण किंमत दिलीय मी. मनुका असल्याच पाहिजेत."