झाडं नकोत म्हणणारी रोजीन

तव्यावर भाकरी होती आणि फोन वाजला. पलीकडे रोजीनची बहीण, परदेशातून. रोजीन गेली... कॅन्सर होता म्हणे, आणि आम्हाला पत्ता नाही! भाकरी करपली. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला तिचा राग आला. एवढी बडबडी बाई, तिकडं परत गेल्यावरही फोनवर बोलत राहायची, आणि नेमकं हेच पोटात ठेवलं!

रोजीन कुर्द होती. तिच्या लोकांचे डोंगर चार देशांत वाटले गेलेत, आणि तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांचं. उजाड जमिनी पुन्हा कशा जित्या होतील यावर ती संशोधन करायची, त्यांचे आराखडे काढायची. औंधच्या पूर्वेला आमच्या गावी ती आली तेव्हा मी सरपंच होते. मराठी शिकली ती मेंढक्यांकडून, त्यामुळे भर ग्रामसभेत मला "गड्या" म्हणायची.

त्या वर्षी माळावर झाडं लावायचं ठरलं होतं. बॅनर छापून झाले होते, पुढारी येणार होते, खड्ड्यांसाठी जेसीबी सांगितला होता. आणि ही बया सभेत उठून म्हणाली, "झाडं नकोत. ह्यो गवताचा माळ हाय. हितं मेंढरं बसवा."

झालं! खतासाठी शेतात मेंढरं बसवतात हे सगळ्यांना ठाऊक, पण उघड्या माळावर? माझे चुलतसासरे नाना स्वतः मेंढरंवाले, पण आधी तेच भडकले. "आवं बाई, मेंढरांनी माळ खाल्ला म्हणून सगळं गाव आमच्या नावानं खडं फोडतंय, आन्‌ तुमी त्यास्नीच तितं बसवताय व्हय?"

तिनं शांतपणे ऐकलं. मग देवळासमोरच्या फरशीवर रांगोळीनं अख्खा माळ काढला. आधी हा तुकडा... लेंड्या पडू देत, खुरांनी कडक झालेली माती फुटू दे. मग गवत वाढून बी गळेपर्यंत तिथं कुणी फिरकायचं नाही. तिची आजी असंच करायची म्हणे.

"तवर दम आमच्या मेंढरांना न्हाई," नाना म्हणाले.

"मेंढरांना न्हाई का तुला न्हाई, गड्या?"

नानांना एकेरी! सभा खो खो हसली, आणि शेवटी नानाही.

मी जेसीबी परत पाठवला. पुढारी रुसले, माझ्यावर अविश्वास ठराव आणायची कुजबुज सुरू झाली. गवत आलं नसतं तर माझी खुर्ची गेली असती आणि रोजीनला गावात तोंड दाखवता आलं नसतं. पहिल्या पावसाळ्यात नुसतं टोचणारं, निकामी कुसळ उगवलं. लोकांनी टोमणे मारून आम्हा दोघींना नको नको केलं. ती मात्र रोज माळावर. पुढच्या वर्षी पवन्या आला, गुडघाभर, मेंढरं जीव टाकतात ते गवत! पार सांगलीहून माणसं बघायला येऊ लागली आणि नाना छाती काढून त्यांना माळ दाखवू लागले. अशी मैत्रीण मला लाभली याचा मला लय अभिमान आहे, आणि तो मी का लपवू?

परवा गावात शोकसभा झाली. नव्या सरपंचांनी सुचवलं, ताईंच्या नावानं माळावर एक झाड लावू. नाना काठी टेकत उठले.

"झाड? तिच्या नावानं? आरं, रागावंल की ती! खाणीकडचा तुकडा अजून उघडा हाय. तितं आज माजी मेंढरं बसतील."

उन्हं कलताना आम्ही सगळे कळपामागून निघालो. माळाच्या कडेला नाना थांबले आणि त्यांनी पायताण काढून ठेवलं. रोजीन माळावर नेहमी अनवाणीच शिरायची. मीही चपला काढल्या.