तुळस हलत नाही, सबब रस्ता मिळत नाही

खरेदीदार : वामनराव निखाडे, प्लांटमधून रिटायर्ड, पूर्वी राहणार सेक्टर १०, भिलाई. विकणार : धाकटे उमाठे, हल्ली नागपूर. साक्षीदार : विकणाऱ्याचे थोरले बंधू प्रभाकर उमाठे, पुढच्या घराचे मालक. मसुदा लिहिणार : प्रस्तुत लेखक, अर्जनवीस, तहसील कार्यालयाच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली. शिक्षण नववीपर्यंत, तथापि हाताखालून गेलेले अर्ज असंख्य.

उपरोक्त साक्षीदारानेच पुढे रस्ता अडवला. म्हणून ही हकीकत.

जागा अशी. एका प्लॉटवर दोन भावांची घरे, एक पुढे, एक मागे. मागच्या घराला सडकेवर यायचे तर थोरल्याच्या जमिनीतून, घराच्या कडेच्या गल्लीने यावे लागते. दुसऱ्याच्या जागेतून जाण्यायेण्याच्या अशा हक्काला हिंदी कागदात सुखाधिकार म्हणतात, वकील ईझमेंट म्हणतात. नाव कोणतेही घ्या, रुंदी लिहिली नाही तर तो हक्क पोकळ असतो.

मी रुंदी लिहिली होती. 'दहा फूट, चारचाकी वाहनासह.' कारण वामनरावांच्या पत्नी कुसुमताई यांचे अर्धे अंग लुळे होते. क्वार्टर सोडावे लागणार होते आणि दवाखान्यात नेणारा ऑटो दारापर्यंत यावा, एवढ्यासाठीच त्यांनी तळमजल्याचे हे घर पाहिले होते.

रजिस्ट्रीच्या दिवशी वामनरावांनी त्या ओळीवर बोट ठेवले.

"हे काटा भाऊ. उमाठेसाहेब आपल्या मंडळातले. गणपतीत एका पंगतीत बसतो आमी. त्यायले वाटंन, आपल्यावर भरोसा नाही."

मी म्हणालो, भरोसा आहे तर लिहायला काय हरकत?

प्रभाकर उमाठे बाजूलाच उभे होते. हसून म्हणाले, "लिहा ना. खाली हेबी लिहा, का प्रभाकरनं श्वास किती फुटाचा घ्यायचा."

सगळे हसले. ओळ कटली. 'आने-जाने का रास्ता रहेगा' एवढेच उरले. परमुलखात आपला माणूस भेटला की त्याच्याकडून लिहून घेणे हा अपमान, अशी आपल्या मराठी मंडळींत रीत आहे. परक्याशी आपण काटेकोर वागतो, बुडतो आपल्यांत.

तुळशीच्या लग्नाला उमाठ्यांनी गल्लीच्या मधोमध वृंदावन बांधले. पक्के, टाइल्स लावलेले. दोन्ही घरांचे मिळून लग्न लागले. कुसुमताईंना खुर्चीवर आणून बसवले, त्यांच्या हातून अक्षता टाकवल्या. दुसऱ्या दिवशी ऑटो सडकेवरच थांबला. वामनरावांनी पत्नीला खुर्चीसकट, वाटेने जाणाऱ्या एका माणसाच्या मदतीने, वृंदावनाच्या कडेच्या फटीतून अंग आडवे करत बाहेर काढले.

वामनराव बोलायला गेले तेव्हा उमाठे म्हणाले की गुरुजींनी हीच जागा दाखवली, आणि बसलेली तुळस हलत नसते.

मी तहसीलदारांकडे अर्ज लिहिला. असा अर्ज त्या कार्यालयात क्वचितच आला असेल. मोक्यावर, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर, पटवारी आले, आपल्याकडचे तलाठी. टेप काढण्याआधी त्यांनी चप्पल काढली, वृंदावनाला हात जोडले. मग मला हळूच म्हणाले, "तुलसी महतारी ला कोन हटाही, भैया?" आईला हलवणार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. माप घेतले, ते कडेच्या फटीचे. आदेश आला : पायी जाण्यापुरती वाट शिल्लक आहे, सबब रस्ता बंद म्हणता येत नाही.

अपिलाचा मसुदा घेऊन मी स्वतः गेलो. वामनरावांनी पेन उघडले. आतून कुसुमताई बोलल्या.

"तुळशीवर केस नका करू जी. मीच अक्षता टाकल्या तिच्यावर. मले उचलून न्या, पन माह्या पायी तिले उपटू नका."

वामनरावांनी पेन बंद केले. माझा मसुदा तसाच परत आला. पुढे दवाखान्याच्या फेऱ्या कमी होत गेल्या. खुर्ची उचलायला रोज कोण मिळणार? कुसुमताईंचा उजवा हात थोडा उचलू लागला होता, तोही पुन्हा पडला.

अखेर घर विकायला काढले. गिऱ्हाईक येई, वृंदावन पाही आणि सडकेवरूनच परत फिरे. शेवटी घेणारा एकच उरला, प्रभाकर उमाठे. भाव त्यांनीच ठरवला. निखाडे दांपत्य अहिवारा गावी भाड्याने राहायला गेले. ऑटो मात्र तिथे दारात येतो.

मागच्या आठवड्यात मी त्या गल्लीवरून गेलो. वृंदावन नव्हते. तुळस गच्चीवर एका कुंडीत होती, आणि गल्लीतून उमाठ्यांची कार थेट मागच्या दारापर्यंत गेलेली होती.

तात्पर्य एवढेच : रस्ता आपल्या माणसाकडून लिहून घ्यावा, परका तसाही देतोच लिहून.

सबब श्री. प्रभाकर उमाठे, साक्षीदार, यांना विनंती की, बसलेली तुळस हलत नसते असे आपण सांगितले होते. ती कोणत्या मुहूर्तावर व कोणाच्या आज्ञेने हलली, याचा लेखी खुलासा करावा. उत्तर माझ्याकडे पाठवू नये. कुसुमताईंना वाचून दाखवावे, समक्ष.